भाड्याचा डबल लेयर टेन्ट: पाणी सुटतं पण अंगावर पडत नाही

कोथरूडच्या एका ट्रेकिंग सामानाच्या दुकानातून भाड्याने घेतला आणि पवनेच्या काठावर थंडीत लावला. आत जाळीचा टेन्ट, वरून फ्लाय म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड, हेच बघून घ्या, बाकी रंगबिंग सोडा. कारण आपल्या श्वासातली वाफ रात्री गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं, त्यात तळ्याकाठची हवा आधीच दमट, मग पहाटे लोक ओरडतात टेन्ट गळतोय म्हणून, अहो गळत काही नसतं! सिंगल लेयरमध्ये ते पाणी सरळ स्लीपिंग बॅगवर, यात फ्लायच्या आतून ओघळून खाली जातं. फक्त फ्लाय ताणून बांधा, आतल्या कापडाला चिकटला की खेळ खल्लास. वाफ बाहेर जायला वरच्या झडपा थंडी वाजली तरी उघड्याच ठेवायच्या आणि ओले टॉवेल बाहेर.

जाळी बारीक आहे, डास चिलटं अजिबात नाहीत. पण चेनचा एक कोपरा पूर्ण बंद होत नाही, भाच्याने बाकरवडीचं पाकीट उघडं टाकलं आणि तिथून मुंगळ्यांची रांग. दुकानदार काका म्हणे "एवढं चालतं हो". चालत नाही काका. चेन दुकानातच उघडझाक करून बघा. बूट मात्र सकाळी झटकूनच घाला, आपल्याकडे दगडांखाली विंचू असतात.

पाचपैकी साडेतीन. परत देण्याआधी उन्हात वाळवा, नाहीतर कुबट वास येतो आणि डिपॉझिटवरून घोळ.