मर्फीचं निळं पुस्तक, सुताच्या पेढीवरून

इचलकरंजीत सुताच्या एका पेढीवर मी पत्रव्यवहार बघते. आमचं बरंचसं सूत तमिळनाडूच्या गिरण्यांतून येतं. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला तमीळ येत नाही आणि हिंदी अर्ध्यातच दम टाकते. त्यामुळे ऑर्डरपासून भांडणापर्यंत सगळं इंग्रजीत. रेमंड मर्फीच्या ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’बद्दल जे लिहितेय ते या टेबलावरून. परीक्षेसाठी पुस्तक शोधणाऱ्यांना कदाचित वेगळं वाटेल.

पुस्तक जुनं आहे. केंब्रिजने पहिली आवृत्ती 1985 साली काढली, माझ्याकडे 2019 ची पाचवी आहे. एकूण 145 धडे, प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे नियम आणि उदाहरणं, उजवीकडे स्वाध्याय. चहा येईपर्यंत एक धडा वाचून होतो, आणि मला वाटतं हे पुस्तक इतकी वर्षं टिकलं त्याचं निम्मं श्रेय या मांडणीला आहे.

पण मी ते घेतलं एकाच दुखण्यासाठी. आमचे शेठ मजकूर सांगतात तो असा: “मॅडम, लिवा त्यास्नी, परवा तुमच्या गाडीतनं आलेलं भिजकं चाळीस नंबरचं सूत आम्ही परत पाठवायलोय.” यात ‘सूत’ हा शब्द कुठे आहे बघा. कधी आलं, कशातनं आलं, कसं आहे, किती नंबरचं (म्हणजे किती बारीक) आहे, सगळं त्याच्या आधी रांगेत उभं. मराठीत नामाच्या आधी हवं तेवढं लादता येतं. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘द डॅम्प फॉर्टी-काउंट यार्न’ इथवर आधी, आणि ‘दॅट केम इन युअर ट्रक’ हे नामाच्या नंतर. सुटे शब्द आधी आणि क्रियापद घेऊन येणारं लटांबर मागून, एवढं ध्यानात आलं की निम्मी पत्रं सुधारतात.

मर्फीकडे हे सगळं आहे, फक्त एका जागी नाही. विशेषणांचा क्रम 99व्या धड्यात: आधी आपलं मत, मग आकार, वय, रंग, कुठलं, कशाचं आणि शेवटी नाम. आपल्याकडे ‘मोठी लाल पिशवी’ म्हणा की ‘लाल मोठी पिशवी’, कुणी वळून बघत नाही. इंग्रजीत ‘रेड बिग बॅग’ म्हटलं की कान टवकारतात. मर्फी ही उतरंड लहानशा आकृतीत मांडतो आणि गप्प बसतो. कारणमीमांसा नाही, पाल्हाळ नाही. मला हे आवडतं.

नामाला नाम जोडायचा धडा मात्र पार 80वा. तो अख्ख्या पुस्तकातला माझा सगळ्यात लाडका. पहिलं नाम विशेषणाचं काम करतं आणि बहुतेक वेळा एकवचनीच राहतं, म्हणून पाच किलोची पिशवी ‘फाइव्ह-किलो बॅग’, तिथे ‘किलोज’ नाही. त्याच धड्यात साखरेचं भांडं आहे: ‘शुगर बोल’ रिकामं असू शकतं, ‘बोल ऑफ शुगर’मध्ये साखर असते. हसू नका. ‘यार्न बॅग्ज रिसीव्हड’ आणि ‘बॅग्ज ऑफ यार्न रिसीव्हड’ यात आमच्या धंद्यात पोत्याएवढा फरक आहे.

रिलेटिव्ह क्लॉजला, म्हणजे आपल्या ‘जो-जी-जे’च्या उपवाक्यांना, मर्फी 92 ते 96 असे पाच धडे देतो आणि ते वाया जात नाहीत. कर्म असेल तर ‘दॅट’ गाळता येतं (‘द यार्न यू सेंट’), कर्ता असेल तर नाही, हे तो फार स्वच्छ सांगतो. ‘हूम’ बोलण्यात फारसं येत नाही हेही मोकळेपणाने सांगून टाकतो. शाळेत आम्हाला ‘हूम’साठी पट्टी खावी लागली होती.

खरा माल या पाचांतल्या शेवटच्या दोन धड्यांत आहे: स्वल्पविराम. ही दोन वाक्यं बघा (कोन म्हणजे सूत गुंडाळलेला शंकू).

‘द कोन्स विच वेअर डॅम्प हॅव बीन रिटर्न्ड.’
‘द कोन्स, विच वेअर डॅम्प, हॅव बीन रिटर्न्ड.’

पहिल्यात जे कोन ओले होते तेवढेच परत गेले. दुसऱ्यात सगळेच ओले होते आणि सगळेच परत गेले. दोन स्वल्पविरामांवर क्लेम अर्ध्या गाडीचा की पूर्ण गाडीचा ते ठरतं. मराठीत हा घोळ होत नाही, कारण आपण ‘जे ओले होते ते’ म्हटलं की निवड झालीच, आणि सगळेच ओले असतील तर सरळ दोन वाक्यं करतो: कोन ओले होते, परत पाठवले. मर्फी नियम चोख देतो, शिवाय दुसऱ्या प्रकारात ‘दॅट’ चालत नाही हेही बजावतो. म्हणून मी निवडायचं असेल तिथे ‘दॅट’च वापरते. स्वल्पविराम टायपिंगमध्ये घसरला तरी अर्थ घसरत नाही.

आता तक्रार. ‘डॅमेज्ड गुड्स’ म्हणताना ‘डॅमेज्ड’ आधी येतं, आणि ‘गुड्स डॅमेज्ड इन ट्रान्झिट’ म्हणताना तेच नंतर जातं. शब्द एकटा असला की आधी, सोबत बिऱ्हाड आलं की नंतर. 97व्या धड्यात नंतर येणारा प्रकार आहे, पण हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवले असते तर किती बरं झालं असतं! 80, 92 ते 97 आणि 99 अशा उड्या मारत मला माझा तक्ता स्वतःच बनवावा लागला. तो आता पेढीवरच्या कपाटाच्या दारावर चिकटवलाय.

दुसरं म्हणजे, हे पुस्तक साऱ्या जगासाठी आहे, त्याला मराठी माणसाची खोड ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या ‘जो-तो’मुळे आपण ‘द ड्रायव्हर हू केम यस्टर्डे, ही टोल्ड अस’ असं लिहितो. त्यातला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. वडिलांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. तिची भाषा आज जुनाट वाटेल, पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी करायचा सराव तिच्यात होता. मर्फीत तो नाही. ती उणीव मी शेठच्या वाक्यांवर भागवते, तिथे तुटवडा नाही.

पाचपैकी चार तारे. घेताना मागे उत्तरं असलेलीच आवृत्ती घ्या. बिनउत्तरांचीही मिळते, पण ती वर्गात शिकवणाऱ्यांच्या कामाची. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून घेतली. अगदीच सुरुवात असेल तर याच लेखकाचं लाल पुस्तक (‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’) आधी करा, आणि निळ्यात घाई असेल तर थेट 92व्या धड्यावर या.