पीट मॉसचं घरगुती मिश्रण: सोलापूरच्या गच्चीवरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. बियांचे ट्रे, कलमं आणि मोगऱ्यासारखी झाडं यांच्यासाठी पीट मॉसच्या (दलदलीत साठलेल्या शेवाळाच्या तपकिरी भुकटीच्या) मिश्रणाला तोड नाही. मात्र गच्चीवर दिवसभर ऊन खाणाऱ्या मोठ्या कुंड्या असतील तर त्यात पीट घालू नका. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा मी पहिली गोणी फोडली. उन्हाळा आणि सप्टेंबरचा पाऊस दोन्ही पाहून झाल्यावर हे लिहितेय.

पीटकडे वळले ते आपल्या मातीमुळे. सोलापूरची काळी माती शेतात ज्वारीला सोन्यासारखी, पण कुंडीत तिचे हाल होतात. ओली झाली की चिकट चिखल, वाळली की दगड, आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात ती चुनखडीयुक्त, सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) आठच्या आसपास. वर आमच्या बोअरचं पाणी जड, मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरे क्षार दिसतात. अशा ठिकाणी मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खत वाढवत जातात. मातीत लोह असतं, पण एवढ्या सामूला ते झाडाला उचलता येत नाही.

पीटचा सामू साधारण साडेतीन ते साडेचार, म्हणजे नेमका उलट टोकाचा. म्हणून नुसतं पीट बहुतेक झाडांना चालत नाही, त्यात चुनखडीची पूड घालावी लागते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं १९६०च्या दशकात बिनमातीची मिश्रणं रूढ केली. त्यात पीट आणि व्हर्मिक्युलाईट (तापवून फुगवलेलं, पाणी धरणारं हलकं खनिज) निम्मं-निम्मं आणि लिटरला साधारण ३ ग्रॅम चुनखडी असे. हा आकडा सोलापुरात जसाच्या तसा उचलू नका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोअरचं जड पाणी दर वेळी मिश्रणाचा सामू थोडा थोडा वर ढकलत असतं. मी भाजीच्या रोपांसाठी त्याच्या निम्मीच डोलोमाईट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) पूड घालते. मोगऱ्याला तर जवळजवळ नाहीच, ते काम पाणीच हळूहळू करतं. पावसाचं साठवलेलं पाणी घालत असाल तर मात्र पुरं प्रमाण घ्या. पानाला लावायचा चुना डोलोमाईटच्या जागी अजिबात वापरू नका, तो फार तीव्र असतो आणि सामू एकदम उसळतो. डोलोमाईट सावकाश काम करतं, शिवाय कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही देतं. त्यासाठी मिश्रण ओलसर करून आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवायचं, मगच रोपं लावायची.

माझं प्रमाण असं: तीन भाग पीट, दोन भाग परलाईट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे हलके खनिज दाणे), एक भाग चाळलेलं गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. पीटमध्ये अन्न जवळपास शून्य असतं, त्यामुळे खताशिवाय रोप महिनाभरातच थांबतं. परलाईट हाताळताना आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला फडकं बांधा, त्याची धूळ घशात जाते.

खरी मेहनत पीट भिजवण्यात आहे. घमेल्यात कोरडं पीट घेऊन वर तांब्याभर गार पाणी ओतलं की पाण्याच्या गोळ्या होऊन वरच घरंगळत राहतात. खाली बोट घालून पाहावं तर भुकटी कोरडी ठणठणीत. कोमट पाणी थोडं थोडं घालत, पीठ मळावं तसं दोन्ही हातांनी चोळत राहायचं, मग ओलं गोणपाट टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून दोन-चार थेंबच आले, की जमलं.

बियांच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू यांची रोपं एकसारखी उगवली आणि ट्रेमधून काढताना मुळांचा गड्डा न फुटता अलगद हातात आला. मोगऱ्याची नवी पालवी पुन्हा गडद हिरवी झाली, तिथे तर पैसे वसूल झाले.

मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात गेला आणि पीटची दुसरी बाजू दिसली. गच्चीवरच्या कुंडीतलं मिश्रण वाळून आक्रसलं आणि काठापासून सुटलं. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी दिलं, पण कुंडी उचलावी तर हलकी. अशी कुंडी पाण्याच्या टबात ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी लागते. ज्या घरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे परवडत नाही. त्यामुळे मोठ्या कुंड्यांत आता मी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), काळी माती, जाड वाळू आणि शेणखत वापरते. कोकोपीट वाळलं तरी पाणी पटकन पुन्हा धरतं. पीटच्या कुंड्या हिरव्या नेटखाली, सकाळचंच ऊन मिळेल अशा कोपऱ्यात हलवल्या आहेत.

सप्टेंबरच्या पावसात परलाईटमुळे पाणी तुंबलं नाही. मात्र सतत ओलं राहिल्यानं चिलटं झाली. वर बोटभर जाड वाळूचा थर आणि पिवळे चिकट सापळे लावल्यावर ती आटोक्यात आली.

किंमत हा मुद्दा आहेच. पीट परदेशातून येतं, कॅनडा आणि बाल्टिक देशांतल्या दलदलींतून, आणि कोकोपीटच्या कितीतरी पट महाग पडतं. शिवाय त्या दलदलींत पीटचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. एवढ्या सावकाश साठणारी वस्तू मोठ्या कुंड्या भरायला वापरणं मला पटत नाही. म्हणून ट्रेमधलं वापरून झालेलं मिश्रण मी टाकत नाही. मुळं काढून, चाळून, ताजं गांडूळखत मिसळून ते मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांत वरचा थर म्हणून घालते. रोप कुजून मेलं असेल तर तेवढ्या ट्रेचं मिश्रण मात्र बाजूला काढते, ते पुन्हा बियांना वापरायचं नाही.