वाचनाची नोंद: ऑडिट टेबलात की लॉगमध्ये?

डेटाबेसमधली कोणती नोंद कोणी पाहिली हे टिपायला ट्रिगर (ठरावीक घटना घडताच आपोआप चालणारा कोड) लावू, असं आधी वाटतंच. पण पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर यांपैकी कुठेच सिलेक्टवर, म्हणजे वाचनाच्या क्वेरीवर, ट्रिगर लागत नाही. मग वाचन एका फंक्शनमधून वळवायचं आणि तिथेच ऑडिट टेबलात (कोणी काय पाहिलं ते टिपणाऱ्या टेबलात) इन्सर्ट करायचा.

खर्च इथेच वाढतो. ओळीगणिक नोंद ठेवली, तर 500 ओळींची यादी उघडताच ऑडिटमध्ये 500 नव्या ओळी पडतात. इंडेक्स आणि वॉलचं (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या लॉगचं) लिखाण वेगळंच. नुसतं वाचनही लेखन ठरतं, म्हणून ते रीड-ओन्ली रेप्लिकावर (डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) चालत नाही. सगळा भार प्रायमरीवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, येतो. शिवाय रोलबॅक झाला (ट्रान्झॅक्शन मागे घेतलं गेलं) की ऑडिटची नोंद पुसली जाते, डेटा मात्र पाहून झालेला असतो! मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

पोस्टग्रेसमधलं पीजीऑडिट हे एक्स्टेंशन थेट सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितं. रेप्लिकावरही चालतं, रोलबॅकने काही पुसलं जात नाही. मात्र त्यात क्वेरी दिसते, हाती आलेल्या ओळी दिसत नाहीत. सगळ्याच टेबलांना लावलं तर लॉग भराभर फुगतो; मोजकी टेबलं निवडा.

मी एकेक नोंद उघडणाऱ्या संवेदनशील स्क्रीनपुरतं फंक्शन ठेवेन, याद्या आणि रिपोर्ट पीजीऑडिटकडे.