ॲपने सांगितलेला रंग की आईच्या साड्या लावून बघायचं?

सीझनल कलर अनालिसिस म्हणजे कातडी, केस, डोळे बघून माणसाला स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर यातल्या एका गटात टाकायचं आणि त्यावरून त्याला शोभणारे रंग ठरवायचे. वॉर्म (पिवळसर), कूल (निळसर) वगैरे, जास्त त्यात शिरत नाही. प्रश्न एवढाच की ते फोनवर करायचं की घरीच कपडे गळ्याशी धरून. भावाच्या लग्नाच्या निमित्ताने मी दोन्ही करून बसलोय.

ॲप फुकटात होतं, फोटो टाकला की रंगांचा तक्ता हातात, ऑनलाइन मागवताना तो तक्ता कामाला येतो, नाही म्हणत नाही. पण डोकं कुठे फिरलं ते सांगतो. सकाळी ओट्यावर बसून फोटो काढला तर ऑटम आलं, म्हणून जळगावला फुले मार्केटमधून हळदीसाठी मोहरी रंगाचा शर्ट घेऊन आलो. रात्री भाच्याला दाखवायला ट्यूबलाइटखाली परत तेच केलं तर विंटर! पोपटी भिंतीपाशी उभा राहिलो तर समर. तोंड तेच, दाढी तीच. फोन आपल्या मनाने व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला पिवळट-निळसर तोल, बदलतो, वरून कातडी गुळगुळीत करतो, आणि इथे सगळा खेळच अंडरटोनचा, म्हणजे कातडीच्या आतून जाणवणाऱ्या छटेचा, मग ॲप बिचारं काय बघणार. हळदीच्या फोटोत मी नवरदेवाचा भाऊ कमी आणि काविळीचा पेशंट जास्त दिसतोय.

मग आईचं कपाट उघडलं. सकाळची वेळ, दारात सावलीत खुर्ची, अंगातल्या शर्टवर पांढरा टॉवेल, आणि हनुवटीखाली साड्या जोडीजोडीने, पांढरीशुभ्र मग मोतिया, राणी मग विटकरी. साडीकडे बघायचंच नाही, तोंडाकडे बघायचं. विटकरी लावली की डोळ्याखालचं काळं आणि ओठांच्या कडेचा काळपटपणा वर यायचा, राणी लावली की तेच तोंड झोप पूर्ण झाल्यासारखं. मामी लांबूनच ओरडली, "हाऊ रंग तुले शोभस!" राणी शर्ट काय मी घालणार नाही, पण त्याच बाजूचा वाइन आणि गडद निळा जमला.

यातही भानगडी आहेत. आईला लाल काहीही चांगलंच दिसतं, त्यामुळे बघणारं माणूस नीट पाहिजे. आणि मे महिन्यात बाइकवर फिरून आपल्याकडे तोंड आणि गळा दोन रंगाचे झालेले असतात, तेव्हा करू नका, टॅन उतरू द्या.

राहिलं ऋतूचं नाव. हे प्रकरण १९८० च्या सुमारास अमेरिकेत गाजलं तेव्हा काळे केस, काळे डोळे दिसले की बहुतेकांना विंटरमध्येच टाकायचे, नंतर ४ चे १२ प्रकार झाले. साड्या लावताना नावाची गरजच पडत नाही, मला तरी पडली नाही. तुमचा फोन माझ्यापेक्षा चांगला असेल तर वेगळा अनुभव येईलही.

मोहरी शर्ट सध्या भाच्याकडे आहे. त्याला भारी दिसतो, आणि ॲप त्याला विंटर सांगतंय.