‘आजोबांचं जर्मन व्हायोलिन’ घ्यायला निघालाय? आधी हे वाचा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कुणाला ‘आजोबांचं जुनं जर्मन व्हायोलिन, घरात कुणी वाजवत नाही म्हणून देणे आहे’ अशी जाहिरात दिसली तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे 16,500 रुपये गेलेत. लिहिणार नव्हते, खरं परवा तीच जाहिरात परत दिसली, फक्त आता आजोबांच्या जागी काका आलेत आणि किंमत वाढलीय, म्हणून लिहितेय.

मी चाळिशी ओलांडलेली. नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा यातनं आता कुठं संध्याकाळचा तासभर स्वतःचा मिळायला लागलाय. लहानपणी रेडिओवर प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ऐकून ते वाद्य डोक्यात बसलेलं, मग क्लास लावला. क्लासमध्ये वाद्य मिळतं, पण घरी रियाजाला पाहिजेच की. दुकानात चौकशी केली तर नवीन चायनीज सेट पाच-सात हजाराच्या पुढं, आणि ज्याला विचारावं तो म्हणतोय चायनीज घेऊ नका, नुसतं खोकं असतंय. तेवढ्यात ही जाहिरात. किंमत 22 हजार, ‘खऱ्या रसिकाला कमी करू’.

आधी कावळा नाक्याला बोलावलं, तिथनं उजळाईवाडीकडच्या एका नवीन बिल्डिंगमधल्या फ्लॅटवर. घरात सामान जवळजवळ नाहीच, फरशी आणि मोकळ्या भिंती. माणूस पस्तिशीतला, बोलायला एकदम गोड, ‘या ताई, बसा, चहा सांगू का’. मला म्हणाला तुम्ही वाजवून बघा. मी म्हटलं अहो मला अजून सरळ सा लागत नाही, मी काय वाजवणार. मग ‘असू दे, मी दाखवतो’ म्हणून त्यानंच वाजवलं, एका अभंगाची चाल, आणि खरंच सांगते अंगावर काटा आला.

ग्यानबाची मेख इथंच आहे. शिकाऊ माणसाला वाजवता येत नसतं, त्यामुळं वाद्याची परीक्षा विकणाराच घेतो आणि विकणाराच पास करतो. फरशीच्या रिकाम्या खोलीत कुठलंही व्हायोलिन घुमतं हे मला नंतर क्लासच्या सरांनी सांगितलं. सगळं मधल्या दोन तारांवर चाललेलं, जाड तारेला त्यानं हात लावला नव्हता. आणि गज, म्हणजे तारांवर घासायची केसांची काठी, त्याचा स्वतःचा होता, चांगला वजनदार लाकडी. मला व्हायोलिनच्या पेटीत घालून दिला तो वेगळाच निघाला, फायबरचा, एका बाजूला वाकलेला, हात लावला की केस गळतात असा. घरी आल्यावर बघितलं तेव्हा कळलं, तिथं तो पेटी बंद करूनच हातात देतो.

मग लेबल. ‘ताई, मोबाईलचा टॉर्च लावा आणि डाव्या बाजूच्या एफ होलमधनं आत बघा’. एफ होल म्हणजे वरच्या फळीवरची इंग्रजी f सारखी भोकं. बघितलं तर पिवळट कागदावर ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फॅसिएबाट आन्नो 1721’ आणि खाली बारीक अक्षरात ‘मेड इन जर्मनी’. मी म्हटलं स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे ते कोट्यवधीचं? तर हसून म्हणाला, ‘नाही नाही, तसं खोटं मी बोलणार नाही, ही जर्मन कॉपी आहे, पण अस्सल जुनी, नाद करायचा नाही हिचा’. बघा किती हुशारी, एक मोठं खोटं स्वतःच नाकारून दुसरं गळी उतरवलं. वर सांगलीचा एकजण संध्याकाळी टोकन घेऊन येतोय हेही होतंच. 16,500 ला ठरलं, क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच कुणाचं, म्हणे मेहुण्याचं अकाउंट.

सरांनी लेबल वाचलं आणि हसायलाच लागले. लेबलाचा अर्थ ‘क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हेरीनं 1721 मध्ये बनवलं’. हा स्ट्रॅडिव्हेरी इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिन बनवणारा, 1737 ला वारला. ‘मेड इन जर्मनी’ असं इंग्रजीत छापायची पद्धत आली ती 1887 मध्ये इंग्लंडनं कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव टाकायला लावलं त्यानंतर. म्हणजे 1721 आणि मेड इन जर्मनी एकाच कागदावर असेल तर तो कागद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाच्या आधीचा असूच शकत नाही. आणि स्ट्रॅडिव्हेरीच्या नावाची लेबलं जर्मनी, बोहेमिया, फ्रान्सच्या कारखान्यांनी हजारोंनी चिकटवली, मॉडेल कुणाचं एवढंच सांगायला, तेव्हा त्यात फसवायचा हेतूही नसायचा. आता तर तसला कागद कुणीही प्रिंट काढून चिकटवतो. माझ्या लेबलाच्या कडेला आधीच्या कुठल्या तरी स्टिकरचा चौकोनी चिकट डाग सरांनी दाखवला, लेबलापेक्षा अर्धा बोट मोठा. तेव्हा लेबलावरनं वाद्य जुनं ठरत नाही आणि जर्मनही ठरत नाही, बघूच नका तिकडं.

घरी पहिल्या रियाजाला डाव्या हाताची बोटं काळी झाली. फिंगरबोर्ड, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात ती काळी पट्टी, एबनी या काळ्या टणक लाकडाचा म्हणून सांगितलेला, निघालं पांढरं स्वस्तातलं लाकूड, बेंदराला बैलाची शिंगं रंगवावीत तसं रंगवलेलं. तारा फिंगरबोर्डपासून जवळजवळ सेंटिमीटरभर वर, दाबून दाबून बोटांना वळ. फिंगरबोर्डच्या टोकाशी बारीक तारेला साडेतीन आणि जाड तारेला साडेपाच मिलिमीटर एवढंच अंतर पाहिजे म्हणे. पाऊस लागला तशा खुंट्या सुटायला लागल्या, एक तार लावावी तर दुसरी उतरलेली. बघितलं तर खुंट्यांना काहीतरी डिंकासारखं फासलेलं, विक्रीच्या दिवसापुरतं सुरात राहावं म्हणून.

दुरुस्त तरी होईल म्हणून मिरजेला घेऊन गेले. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, 2024 मध्ये तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय टॅगसुद्धा मिळाला. ज्यांच्याकडं गेले ते म्हातारे कारागीर म्हणाले व्हायोलिन आमचं रोजचं काम नाही, पण लाकूड ते लाकूड, दाखवा. त्यांनी आधी बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करत सगळं वाद्य ऐकलं. खालच्या बाजूला एका जागी आवाज फाटका आला, तिथं नख घातलं तर फट. मग दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा एफ होलमधनं आत घातला आणि मला बोलावून दाखवलं, मान जिथं बसते तिथं पांढरट वाळलेले ओघळ. ‘फेविकॉल हाय हे ताई. सरसानं चिकटवलेलं असतं तर गरम सुरी घालून उघडलं असतं, नीट बसवून परत लावलं असतं. हे उघडायला गेलो तर लाकूडच फाटतंय.’ म्हणजे मान एकदा निखळलेली आणि कुणीतरी तशीच दाबून बसवलेली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायाखाली आत जी काठी उभी असते, साउंड पोस्ट, ती नुसत्या दाबावर उभी पाहिजे, तीसुद्धा चिकटवलेली. पुढं म्हणाले, कधी ती पडली तर तारा लगेच सैल करायच्या, नाहीतर वरची फळी आत बसते. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

जुनं घ्यायचंच असेल तर वाजवणारा माणूस आपल्या बाजूचा न्या, क्लासचे सर, त्यांचा एखादा सीनियर विद्यार्थी, कुणीही, आणि त्यानं चारही तारा वाजवायच्या, आणि त्याच गजानं वाजवायच्या जो तुम्हाला मिळणारे. विकणारा म्हणेल माझा गज घ्या, तर नको म्हणा. ओल्या फडक्यानं फिंगरबोर्ड पुसून बघा, रंग निघाला तर उठा. कडेची दुहेरी काळी रेघ पेननं ओढलेली आहे की लाकडात बसवलेली आहे हे नखाला कळतं. आणि दोन दिवस घरी ठेवून बघू द्या म्हणून विचारा, डिपॉझिट ठेवतो म्हणा, खरा माणूस विचार तरी करेल, हा माझा पठ्ठ्या लगेच सांगलीवाल्यावर गेला होता.

त्याला फोन केला तर ‘तुम्ही बघून घेतलंय ना ताई, आता माझा काय संबंध’. दुसऱ्या फोनला ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कम्प्लेंट टाकली, पोलिसातही गेले, तिथं पहिला प्रश्न हाच की तुम्ही स्वतः जाऊन, बघून, स्वतःच्या हातानं पैसे दिले ना? ओळखीपाळखीतले पण तेच, शिकलेली बाई कशी फसली म्हणे. अहो पण वस्तू काय सांगून विकली ते महत्त्वाचं नाही का? जाहिरात त्यानं काढून टाकली होती, खरं चॅटमध्ये ‘1721 जर्मन, एबनी, एकदाही रिपेअर नाही’ असं त्याच्याच हातचं लिहिलेलं होतं, त्यावर अर्ज घेतला. त्यामुळं फोनवर काहीही सांगू दे, तेच चॅटवर लिहून घ्या, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

अर्जाचं अजून काही झालेलं नाही. सध्या सरांच्या ओळखीनं महिना 500 रुपये भाड्यानं एक साधं चायनीज आणलंय, सरांनी घोडी घासून तारा खाली घेतल्यात, साउंड पोस्ट जागेवर बसवलाय. सगळे नावं ठेवतात तेच चायनीज, आणि त्याच्यावर माझा सा लागायला लागलाय.