लेबलाखालचं लेबल: जुन्या मेगा ड्राइव्हच्या अडॅप्टरपायी झालेली फसवणूक

जुन्या गेम कन्सोलसाठी कुणी ऑनलाइन अडॅप्टर शोधत असाल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे पैसे तर गेलेच, पण दादाने जिवापाड जपलेला कन्सोलही जवळजवळ गेला होता.

कन्सोल म्हणजे सेगा मेगा ड्राइव्ह, पहिलं मॉडेल. दादा शिकायला बाहेर पडला तेव्हा कार्ट्रिजांच्या खोक्यासकट तो माझ्या हवाली करून गेला. मध्यंतरी अडॅप्टर रुसला. वायर एका विशिष्ट कोनात धरली तर चालायचा, सोडली की बंद. एक दिवस तेही थांबलं. अडॅप्टर मेला असं मी गृहीत धरलं आणि त्याला ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. ही माझी पहिली चूक.

मला हवा होता ९ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), १.२ अँपिअर, आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आजकालच्या बहुतेक अडॅप्टरांना आत प्लस असतो, त्यामुळे घरातला कुठलाही ९ व्होल्टचा उचलून लावला असं इथे चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मेळ नाही. मेगा ड्राइव्हच्या दुसऱ्या मॉडेलला १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर लागतो, पिन वेगळी आणि आत प्लस. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या कन्सोलला तर ९ व्होल्ट एसी लागतो. डीसी नव्हे, एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज. आणि त्या अडॅप्टरची पिन पहिल्या मेगा ड्राइव्हमध्ये अगदी नीट बसते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर बरोबर, असं मानणाऱ्यांचे किती कन्सोल यात गेले असतील कोण जाणे.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच मी फसणार नाही असं मला वाटत होतं.

एका विक्रीच्या साइटवर जाहिरात दिसली: ‘ओरिजिनल, न वापरलेला जुना स्टॉक’. फोटोत लेबल स्पष्ट होतं. डीसी, ९ व्होल्ट, १.२ अँपिअर, खाली पोलॅरिटीचं (प्लस कुठे, मायनस कुठे ते सांगणारं) वर्तुळाचं चिन्ह आणि मधल्या ठिपक्याला जोडलेलं मायनस. मी विक्रेत्याला मेसेज केला. तो लगेच बोलू लागला, आणि बोलला ते माहितगारासारखं. “सर, वजन बघा, आत खरा ट्रान्सफॉर्मर आहे, आजकालचा हलका माल नाही.” मी मीटरवरचं रीडिंग मागितलं, तर अर्ध्या तासात व्हिडिओ आला. पिनला मल्टिमीटरची टोकं लावलेली, पडद्यावर १०.२. मी विचारलं, ९ च्या जागी १० कसे? त्याने समजावलं की ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर लोड नसताना, म्हणजे त्याला काही जोडलेलं नसताना, आकडा लेबलपेक्षा जास्तच येतो. हे खरं आहे. जुन्या, रेग्युलेटर (व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) नसलेल्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर नुसतं मीटर लावलं तर १२-१३ सुद्धा दिसू शकतात. त्याच्या या उत्तराने माझी उरलीसुरली शंका गेली.

मग तो म्हणाला, साइटचं कमिशन कशाला भरायचं, थेट पैसे पाठवा, थोडं कमी करून देतो. मी पाठवले. ही दुसरी चूक, आणि पैशाच्या दृष्टीने हीच खरी.

पार्सल वेळेवर आलं. अडॅप्टर जड होता, पिन घट्ट बसली. मी कन्सोल चालू केला. लाल दिवा लागला, पण मंद. टीव्हीवर आडवे पट्टे वर सरकत होते आणि स्पीकरमधून एकसारखी घरघर येत होती. बटण बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात आत फट्‌ आवाज झाला आणि तो जळका, आंबूस वास आला. इलेक्ट्रॉनिक्सचं काही जळलेलं एकदा हुंगलं असेल तर तो वास विसरता येत नाही. मी प्लग ओढून काढला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. दादाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

अडॅप्टर हातात घेतला तर कोमट लागला. लेबलाचा एक कोपरा उचकटला होता. नखाने ओढला तर पूर्ण लेबल निघून आलं आणि खाली दुसरं लेबल. त्यावर छापलं होतं: आउटपुट एसी ९ व्होल्ट, १.३ अँपिअर.

विक्रेत्याचा व्हिडिओ मी परत लावला. या वेळी आकड्याकडे न बघता मीटरच्या गोल बटणाकडे बघितलं. बटण नागमोडी रेघ असलेल्या ‘व्ही’वर होतं, म्हणजे एसी मोजायच्या खुणेवर. डीसीच्या खुणेत सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. ती खूण शेजारीच दिसत होती. व्हिडिओ मी किमान पाच वेळा पाहिला होता आणि पाचही वेळा फक्त आकडा वाचला होता. डीसीवर बटण ठेवलं असतं तर मीटरने जवळपास शून्य दाखवलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘चुकून वेगळा माल गेला’ हे त्याचं नंतरचं म्हणणं मी म्हणूनच मानत नाही. चुकून कुणी नवीन लेबल छापून जुन्यावर चिकटवत नाही.

मित्राचे वडील आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत आले आहेत. कन्सोल घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी तो उघडून मला दाखवला. वीज आत येते तिथेच एक मोठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. त्याला प्लस-मायनसची बाजू असते आणि उलटी वीज त्याला सोसत नाही. एसीमध्ये बाजू सेकंदाला ५० किंवा ६० वेळा उलटसुलट होते, म्हणून तो तापला, फुगला आणि फुटला. पुढे ७८०५ नावाचे दोन रेग्युलेटर असतात, ९ व्होल्टचे ५ करून चिपांना देणारे. त्यातला एक गेला होता. चिपा मात्र वाचल्या. काकांनी अडॅप्टरही फोडून बघितला. विक्रेता म्हणाला तसा आत खरा ट्रान्सफॉर्मर होता, पण फक्त ट्रान्सफॉर्मरच. एसीचं डीसी करायला त्याच्यापुढे डायोड लागतात आणि वीज सलग करायला कपॅसिटर. दोन्हींचा पत्ता नव्हता. वजनाबद्दल तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता.

पैसे परत मागितले तेव्हा आधी ‘तुमच्या कन्सोलमध्येच दोष असेल’ असं उत्तर आलं. दोन्ही लेबलांचे फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. साइटने सांगितलं की व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही, आम्ही काही करू शकत नाही. आठवड्याभरात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने आली. फोटोही तोच, अडॅप्टरच्या डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडासुद्धा तोच. मी ती रिपोर्ट केली, काढली गेली, पुन्हा आली. अशा विक्रेत्याशी बोलत असाल तर लेबलाच्या कडेचा जवळून फोटो मागा. मीटरच्या व्हिडिओत गोल बटण दिसलंच पाहिजे आणि ते डीसीवर असलं पाहिजे. लाल टोक पिनच्या आत आणि काळं बाहेर लावलं, तर आपल्याला हव्या असलेल्या अडॅप्टरवर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह यायला हवं. जपानच्या बाजारातला जुना ओरिजिनल कुणी देत असेल, तर तो १०० व्होल्टच्या विजेसाठी बनलेला असतो. २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावू नका. आणि पार्सल आलं की कन्सोलला लावण्याआधी स्वतःच्या मीटरवर हे सगळं परत तपासा. साधा मीटर पुरतो. माझ्याकडेही होता, कपाटात.

कपॅसिटर आणि रेग्युलेटर बदलून झाल्यावर काकांनी विचारलं, “जुना अडॅप्टर कुठंय? टाकला तर नाहीस ना?”

दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेलो. वायर पिनच्या मानेजवळ आतून तुटली होती, बाकी सगळं ठणठणीत. सारखी वाकून वाकून तिथेच तुटते म्हणे, त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या अडॅप्टरांचं दुखणं हेच. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवी पिन सोल्डर केली आणि मीटर माझ्या हातात दिला. बटण डीसीवर, लाल टोक आत, काळं बाहेर. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं. “परत एकदा बघ,” काका म्हणाले. मी परत एकदा बघितलं आणि मग पिन कन्सोलला लावली.