एसईओ पॅकेज वर्षभर वापरून: दादरच्या शिलाई मशीनवाल्याचा हिशेब

रिन्यूअलचा फोन येऊन गेलाय, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. एसईओ म्हणजे गूगलवर कुणी शोधलं की आपलं दुकान वर दिसावं यासाठीची खटपट; ती करायला मी वर्षभर एक एजन्सी लावली होती. माझं दादर पश्चिमेला शिलाई मशीन विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. पॅकेज महिना १२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. मी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत, असल्याने वरचे २,१६० वळते करून मिळत नाहीत, गेले ते गेले. घरगुती मशीनच्या सर्व्हिसिंगचे मी ४०० घेतो. म्हणजे महिन्याची पहिली ३५-३६ मशीनं उघडायची, शटल साफ करायचं, तेलपाणी करायचं, ते सगळं एजन्सीसाठी. त्यानंतर दुकानाचं भाडं, मग पोरांचा पगार, मग मी.

दर महिन्याला पीडीएफ रिपोर्ट यायचा. चकचकीत, हिरव्या बाणांचा. पहिल्याच पानावर ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढल्याची बातमी. वेबसाइटचं वजन किती, याचा हा आकडा मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला आहे, गूगल तो वापरत नाही. पुढे पहिल्या नंबरावर आलेल्या कीवर्डचा, म्हणजे लोक शोधताना टाकतात त्या शब्दांचा, तक्ता. त्यातले निम्मे माझ्याच दुकानाच्या नावाचे! ज्याला नाव ठाऊक आहे तो मला शोधणारच, त्यात यांनी काय केलं? उरलेले ‘बेस्ट ट्रस्टेड सुईंग मशीन सर्व्हिस एक्स्पर्ट दादर वेस्ट मुंबई’ असले. कुठला शिंपी एवढं टाइप करत बसतो? तो ‘मशीन रिपेअर दादर’ टाकतो, नाहीतर माईकचं बटण दाबून बोलतो.

त्यांचा माणूस माझ्या काउंटरला उभा राहून मोबाइलवर दाखवायचा, ‘बघा सर, तुम्ही एक नंबर.’ अहो, दुकानात उभं राहून शोधलं तर दुकान वर येणारच. अशा शोधात गूगल अंतर मोजतं. मेहुण्याला मुलुंडहून तेच शोधायला लावलं, तर आमचा पत्ताच नाही.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण विरारचं काय करायचं?

या लोकांनी चर्चगेटपासून विरारपर्यंत एकेका स्टेशनच्या नावाचं पान बनवलं. मजकूर शब्दन् शब्द तोच, फक्त स्टेशन बदललेलं. ‘विरारमधील आमची अनुभवी टीम आपल्या सेवेस तत्पर आहे.’ आमची टीम म्हणजे मी आणि दोन पोरं. असल्या पानांना गूगल ‘डोअरवे पेजेस’ म्हणतं आणि स्पॅममध्ये धरतं, म्हणजे पैसे मोजून वर जोखीम. एक दिवस विरारहून एका ताईंचा फोन. ब्लाउजच्या ऑर्डरी अडकलेल्या, मशीनचा टाका सुटत होता.

‘तुमची विरारची शाखा स्टेशनच्या कुठल्या बाजूला?’

‘ताई, शाखा नाही. दुकान दादरलाच आहे.’

‘मग लिहिलंय कशाला?’

काय बोलणार? जुन्या काळ्या मशीनचं नुसतं हेडच दहा-बारा किलोचं. ते मांडीवर घेऊन विरार लोकलने दादरला या, असं सांगू? का ४०० रुपयांसाठी पोराचा अर्धा दिवस घालवून त्याला विरारला धाडू? एजन्सीला विचारलं तर म्हणे, ‘सर, पण वेबसाइटवर ट्रॅफिक येतोय ना!’ पानं काढा म्हणून पाठ धरली, तेव्हा विरार काढलं. नालासोपारा ठेवलं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर पुतणीला बसवून गूगलचं सर्च कन्सोल उघडलं. शोधातून वेबसाइटवर किती लोक आले ते त्यात दिसतं. फुकट असतं, मागच्या सोळा महिन्यांचा डेटा दिसतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी लावता येतो. आमच्या धंद्यात हे पाहिलंच पाहिजे. गणपती ते दिवाळी शिंप्यांची मशीनं रात्रंदिवस चालतात आणि मोडतातही. त्या वाढीवर एजन्सीने हिरवा बाण लावून आपलं नाव घातलं होतं. दुकानाच्या नावाचे शोध गाळून महिना महिन्याशी लावला, तर वेबसाइटवर येणाऱ्यांत म्हणावा असा फरक नाही.

पण पावतीपुस्तक वेगळं बोलत होतं, तेही मांडायला हवं. नवीन गिऱ्हाईकाला मी ‘कुठून कळलं’ विचारतो आणि पावतीवर टिपून ठेवतो. ‘नेट’ असं लिहिलेल्या पावत्या पहिल्या महिन्यानंतर ठळक वाढल्या आहेत, मंदीच्या दिवसांतसुद्धा. कारण शोधलं. सुरुवातीला एजन्सीची एक मुलगी दुपारभर दुकानात बसून गेली होती. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे शोधात आणि नकाशावर दुकानाची माहिती दिसते तिथे, आमचा मुख्य वर्ग ‘इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान’ असा पडला होता, तो तिने शिलाई मशीन दुरुस्ती केला. नकाशावरची पिन मागच्या गल्लीत होती ती दारात आणली. सोमवारची सुट्टी टाकली. आणि माझं बोलणं नीट ऐकून सेवांमध्ये ओव्हरलॉक आणि जुकी या कारखान्यातल्या मशीनांची दुरुस्ती घातली, फोटोही तिनेच काढले. त्यावरून धारावीतल्या कारखान्यांचे फोन यायला लागले. तिथलं गिऱ्हाईक एक मशीन घेऊन येत नाही, सहा मशीनं दाखवतं, आणि जुकीचा दर घरगुतीपेक्षा बराच वर असतो.

म्हणजे फायदा झाला, नाही म्हणणार नाही. पण तो त्या एका दुपारचा. बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. तेवढ्या कामाचे एकदाच १२,००० मी हसत दिले असते, २०,००० मागितले असते तरी घासाघीस करून दिले असते. वर्षाचे झाले १,६९,९२०. ती मुलगी नोकरी सोडून गेली, तिच्यानंतर आले ते पीडीएफवाले.

रिन्यूअलच्या फोनवर ऐकवलं, ‘सर, एसईओला वेळ लागतो.’ मान्य. गूगल स्वतःच चार महिने ते वर्ष असं सांगतं. पण पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही हेही गूगलच सांगतं, आणि यांच्या कोटेशनमध्ये ती हमी ठळक अक्षरांत होती. ते वाचून दाखवल्यावर मॅनेजर परत फोन करतील म्हणाले.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या मुलीचे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, पुतणीने माझ्या नावावर घेतलंय. बिझनेस प्रोफाइल मात्र एजन्सीच्या ईमेलवर आहे, मालकी मिळावी म्हणून गूगलवर विनंती टाकलीय. ते म्हणतात आधी शेवटच्या महिन्याचं बिल भरा. मी म्हटलं, आधी प्रोफाइल माझ्या ईमेलवर करा, १४,१६० चा चेक लिहून गल्ल्यात ठेवलाय.